दिवा कोणत्या तेलाचा?
समई, दिवटी व कंदील यांच्या इंधनाविषयी भाविकांसाठी माहिती



दीप हा पूजेच्या सोळा उपचारांपैकी एक उपचार आहे. गाभाऱ्यातील नंदादीप, सभामंडपातील समया, पहाटेचा काकडा, त्रिपुरी पौर्णिमेस उजळणारी दीपमाळ, खंडोबाची दिवटी-बुधली, भवानीमातेचा पोत आणि वाटेवर सोबत देणारा कंदील ही सारी एकाच तेजाची रूपे होत. तथापि या प्रत्येक दिव्याची घडण एका ठरावीक इंधनासाठी झालेली असते. समईचे तेल कंदिलात चालत नाही आणि कंदिलाचे रॉकेल समईत कधीही घालू नये. पूर्वी हे ज्ञान घरातील वडीलधाऱ्यांकडून आपोआप मिळत असे. विजेच्या प्रकाशात वाढलेल्या पिढीस ते सांगावे लागते, आणि न सांगितल्यास त्याची किंमत भाजलेल्या हातापायांनी, क्वचित प्राणांनीही मोजावी लागते. यास्तव हा लहानसा पाठ येथे दिला आहे.

दिव्याच्या तेलाची जुनी व्यवस्था

देवापुढील दिवा अखंड तेवावा म्हणून तेलाची कायमस्वरूपी तजवीज करणे हे आपल्याकडे फार जुने पुण्यकर्म आहे. उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यात इंदोर नावाच्या स्थळी गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळातील, इ. स. ४६५ चा ताम्रपट सापडला आहे. देवविष्णू नावाच्या ब्राह्मणाने सूर्यमंदिरातील दिव्यासाठी दान दिले आणि रोजचे ठरलेले तेल पुरविण्याची जबाबदारी तेथील तेल्यांच्या श्रेणीने स्वीकारली, असे त्यात नोंदलेले आहे. दिव्याच्या तेलाची जबाबदारी त्या तेलाची पारख असणाऱ्यांवर सोपविलेली होती, ही यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट होय.

महाराष्ट्रात प्रदेशागणिक तेल बदलत असे. देशावर तीळ, करडई, कारळे व एरंड, तर कोकणात व गोव्यात नारळ, उंडी आणि करंज यांचे तेल दिव्यात वापरले जाई. उंडी व करंज यांची तेले खाण्यास अयोग्य असल्याने ती दिव्यासाठीच राखून ठेवीत. ही सर्व तेले बियांची वा फळांची आहेत. त्यांच्याच भरवशावर आपल्या समया, पणत्या आणि दीपमाळा घडल्या.

खनिज तेल आपल्याकडे आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यालाच आपण रॉकेल किंवा घासलेट म्हणू लागलो. त्याच्यासोबत काचेचा कंदील आला. कऱ्हाडजवळील ओगलेवाडीच्या कारखान्यातील प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. जुन्या समईशेजारी असा नवा दिवा नांदू लागला आणि दोन वेगळ्या स्वभावांची तेले एकाच घरात आली. पुढील बहुतेक अपघातांचे मूळ या दोहोंच्या सरमिसळीत आहे.

तेल जळते म्हणजे काय होते?

आपण म्हणतो की तेल जळते. वस्तुतः द्रवरूप तेल जळत नाही, तेलाची वाफ जळते. वात तेल वर ओढून घेते, ज्योतीच्या उष्णतेने टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ हवेशी मिसळून जळते. यास्तव तेल किती सुरक्षित आहे हे ठरविताना त्याची वाफ किती उष्णतेला पेट घेण्याजोगी होते, हे पाहावे लागते. या तापमानास तेलउद्योगात ‘फ्लॅश पॉइंट’ म्हणतात. सोयीसाठी आपण त्यास ‘पेट घेण्याची पायरी’ म्हणू. ही पायरी जितकी उंच, तितके तेल सुरक्षित.

तीळ, शेंगदाणा, करडई इत्यादी गोड्या तेलांची पायरी ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. म्हणूनच समईत वात पेटलेली असतानाही शेजारचे तेल शांत असते. समई कलंडली तर बहुधा तेल सांडते व वात विझते.

रॉकेलची पायरी भारतीय मानकानुसार किमान ३५ अंश असावी लागते. पावसाळी गारव्यात ३५ अंश पुरेसे वाटतात. परंतु वैशाखात सोलापूर, मराठवाडा व विदर्भ येथे पारा ४० अंशांच्या वर जातो. उन्हात ठेवलेल्या डब्यातील रॉकेल अशा वेळी त्या पायरीच्या वर गेलेले असू शकते आणि तेथे एखादी ठिणगीही पुरेशी होते.

पेट्रोलची पायरी शून्याखाली सुमारे ४० अंश आहे. म्हणजे आपल्या देशातील कोणत्याही ऋतूत, अगदी थंडीच्या पहाटेही, उघड्या पेट्रोलभोवती पेट घेणारी वाफ असतेच. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटत जाते व दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचून आग मागे घेऊन येते.

रॉकेलचे दिवे नवे होते तेव्हा परदेशांतील काही व्यापारी त्यात स्वस्त व हलकी खनिज तेले मिसळीत आणि त्यापायी दिव्यांचे स्फोट होऊन माणसे दगावत. म्हणून ब्रिटनमध्ये १८७९ साली फ्रेडरिक एबल या रसायनशास्त्रज्ञाची बंद भांड्यातील चाचणी कायद्याने लागू करण्यात आली आणि ७३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सिअस, ही मर्यादा ठरली. भारताच्या १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यातही २३ अंशांखाली पेट घेणारी तेले सर्वांत धोकादायक अशा ‘अ’ वर्गात घातली आहेत.

समई, निरांजन, पणती व नंदादीप

या दिव्यांत वातीचे टोक तेलाच्या पातळीपासून अगदी थोड्या उंचीवर असते. त्यामुळे दाट तेलही सहज वर चढते. यांसाठी पुढील इंधने योग्य होत.

१) तिळाचे तेल : ज्योत स्थिर, धूर कमी. नित्यपूजेस उत्तम.

२) शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सरकी यांचे तेल : स्वच्छ व ताजे असल्यास चालते. तळणाचे उरलेले तेल मात्र वापरू नये. त्यातील अन्नकणांमुळे व ओलाव्यामुळे वात तडतडते, धूर होतो आणि ठिणग्या उडतात.

३) खोबरेल : सुमारे २४ अंशांखाली ते गोठते. थंडीत पेटविण्यापूर्वी उबेला ठेवून पातळ करून घ्यावे. दिवा चुलीवर किंवा शेगडीवर ठेवून तेल पातळ करण्याचा प्रयत्न करू नये.

४) एरंडेल : फार दाट असल्याने वातीत सावकाश चढते व सावकाश जळते. ते तिळाच्या तेलात मिसळून वापरण्याची पद्धत आहे.

५) तूप : निरांजनातील फुलवातीसाठी योग्य. तुपात पाण्याचा अंश राहिल्यास ते उडते, म्हणून चांगले कढविलेलेच घ्यावे.

जवसाचे तेल दिव्यात टाळावे. हवेत वाळून त्याचा चिकट थर वातीवर व भांड्यावर बसतो. शिवाय या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप तापून पेट घेऊ शकतो. एकंदरीतच तेलकट फडकी व जुन्या वाती गोळा करून कोपऱ्यात साठवू नयेत. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.

बाजारात ‘पूजेचे तेल’ या नावाने मिळणाऱ्या काही तेलांत खनिज तेलाचा अंश असतो. वेष्टनावरील मजकूर वाचूनच खरेदी करावी. ‘खाण्यास अयोग्य’ असे लिहिले असल्यास ते उरलेले तेल घरी नेऊन स्वयंपाकात वापरू नये. सुटे, बिनलेबलाचे व रॉकेलसारखा वास येणारे तेल स्वस्त असले तरी घेऊ नये.

काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल व त्यावर तरंगती वात अशीही रचना करतात. तेल संपताच वात पाण्याला लागून विझते, अशी त्यामागील सोय आहे. या रचनेत फक्त गोडे तेल वापरावे. रॉकेलही पाण्यावर तरंगते. परंतु उघड्या पेल्यात त्याचा सारा पृष्ठभाग पेट घेऊ शकतो.

दिवटी, पोत, ज्योत व दीपमाळ

खंडोबाच्या कुळाचारात दिवटी व बुधली यांची जोडी असते. दिवटी म्हणजे हातात धरावयाची मशाल व बुधली म्हणजे तिच्यासाठी तेल ठेवण्याचे पात्र. पेटत्या दिवटीवर बुधलीतील तेलाची धार धरण्याची ही रीत गोड्या तेलासाठी बनलेली आहे. तेच पात्र रॉकेलने किंवा डिझेलने भरल्यास ज्योत धारेवरून चढत पात्रापर्यंत पोहोचू शकते आणि ज्याच्या हाती बुधली आहे त्याच्याच अंगावर आग येते. पेट्रोलच्या बाबतीत तर हे क्षणार्धात घडते.

भवानीमातेच्या पोतासही हाच नियम लागू आहे. नवरात्रात तुळजापूरहून ज्योत पेटवून ती पायी आपल्या गावी नेण्याची प्रथा आहे. तरुण मंडळी रात्रंदिवस धावतात व सोबतच्या वाहनात तेलाचा डबा असतो. अशा वेळी पुढील दक्षता अत्यावश्यक आहे.

• ज्योतीसाठी गोडे तेलच घ्यावे. डबा घट्ट झाकणाचा असावा व पेटत्या ज्योतीपासून दूर, शक्य तर दुसऱ्या वाहनात ठेवावा.

• पेटत्या ज्योतीवर डब्यातून थेट तेल ओतू नये. लांब दांड्याच्या पळीने थोडे थोडे घालावे.

• दुचाकीवर बसून पेटती ज्योत नेऊ नये. इंधनाची टाकी व ज्योत यांत हातभराचेही अंतर राहत नाही.

• ज्योत धरणाऱ्याने सुती कपडे घालावेत. नायलॉन व पॉलिएस्टर पेटल्यावर वितळून त्वचेस चिकटतात. उपरणे, ओढणी व पदर खोचून घ्यावा.

• हातांस सॅनिटायझर लावले असल्यास ते पूर्ण वाळल्याशिवाय ज्योतीस हात लावू नये. त्यातील अल्कोहोल पेट घेते.

दीपमाळेवर पणत्या लावताना वरून खाली या क्रमाने लावाव्यात, म्हणजे पेटत्या ज्योतींवरून वाकावे लागत नाही. पायऱ्यांवर सांडलेले तेल लगेच पुसावे. गर्दीत तेलावरून एकाचा पाय घसरला तरी अनेकांना इजा होते. गोव्यातील दिवजांच्या उत्सवात सुवासिनी पेटती दिवजे हातात घेऊन रांगेने चालतात. तेथेही दोघींमध्ये पुरेसे अंतर राखणे हाच सर्वांत सोपा उपाय आहे.

कंदील व चिमणी

कंदिलात टाकी खाली व ज्योत बरीच वर असते. टाकीपासून ज्योतीपर्यंत वातीने तेल ओढून न्यावयाचे असल्याने पातळ इंधन लागते. गोडे तेल रॉकेलच्या वीसपटींहून अधिक दाट असते. ते इतक्या उंचीवर पुरेसे चढत नाही. वात कोरडी पडून करपते व धूर होतो. यासाठी कंदिलात स्वच्छ रॉकेल किंवा कंदिलासाठीच तयार केलेले शुद्ध पॅराफिन तेल एवढीच इंधने वापरावीत.

शिधापत्रिकेवर मिळणारे निळे रॉकेल पूर्वी घरोघरी असे. आता अनेक ठिकाणी ते मिळेनासे झाले आहे. त्यामुळे माळ्यावरचा जुना कंदील काढून त्यात मिळेल ते इंधन भरण्याचा मोह होतो, आणि येथेच घात होतो. डिझेलने वात चोंदते, काच काजळते व दर्प पसरतो. पेट्रोल, थिनर, टर्पेंटाइन वा स्पिरिट भरल्यास कंदील हातातच भडकू शकतो. ज्या डब्यात पूर्वी पेट्रोल होते त्यात रॉकेल आणणेही धोक्याचे आहे, कारण थोडेसे पेट्रोल मिसळले तरी रॉकेलची पेट घेण्याची पायरी झपाट्याने खाली येते. योग्य इंधन मिळत नसेल तर कंदील शोभेसाठी ठेवावा आणि बॅटरीचा दिवा वापरावा.

कंदील वापरताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) कंदील विझवून व पूर्ण थंड झाल्यावर, उजेडी व मोकळ्या जागेत तेल भरावे. टाकी काठोकाठ भरू नये. तेल तापून फुगण्यास जागा ठेवावी. झाकण घट्ट लावावे व सांडलेले तेल पुसून मगच पेटवावे.

२) वात सुती व बर्नरच्या रुंदीचीच असावी. अरुंद वातीच्या बाजूने फट राहते व त्या फटीतून ज्योत टाकीतील वाफेपर्यंत जाऊ शकते.

३) वात सरळ कापलेली व बेताची वर असावी. फार वर केल्यास उजेड वाढत नाही, काजळी मात्र वाढते.

४) तडा गेलेली काच व गळकी टाकी असलेला कंदील वापरू नये. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडू देऊ नये.

५) बंद राहुटीत, मोटारीत वा दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत कंदील पेटता ठेवून झोपू नये. आगीखेरीज विषारी वायूचाही धोका असतो.

हवा भरावयाच्या गॅसबत्तीतही रॉकेलच वापरावे. तिच्यात तेल दाबाखाली असल्याने पेट्रोलची चूक प्राणघातक ठरते.

बिनकाचेची चिमणी, म्हणजे बाटलीत वात खोवून केलेला दिवा, सर्वांत धोक्याचा होय. तो धक्क्याने कलंडतो व सारे रॉकेल बाहेर येते. श्रीलंकेतील शल्यचिकित्सक डॉ. विजय गोडकुंबुरा यांनी अशा दिव्यांनी भाजलेले असंख्य रुग्ण पाहून बुटका, जड, सपाट बाजूंचा व आट्यांच्या धातूच्या झाकणाचा काचेचा दिवा तयार केला. तो सहज कलंडत नाही, कलंडल्यास गडगडत नाही आणि झाकणामुळे तेल सांडत नाही. या कार्यासाठी त्यांना १९९८ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. दिवा निवडताना बैठक रुंद, उंची कमी व झाकण घट्ट, ही तीन लक्षणे आपणही पाहावीत.

कापराविषयी

कापूर साध्या हवेतही उडून जातो व चटकन पेट घेतो. आरतीसाठी एक-दोन वड्या पुरेशा आहेत. आरती प्लॅस्टिकच्या किंवा थर्माकोलच्या ताटात करू नये. कापराची डबी ज्योतीजवळ उघडी ठेवू नये व पेटत्या कापरावर आणखी वड्या हाताने टाकू नयेत. पूजेचा कापूर लहान मुलाने खाल्ल्यास झटके येऊ शकतात. यास्तव तो प्रसादाच्या पुडीसोबत बांधू नये.

तीर्थाची बाटली व तेलाची बाटली

यात्रेकरूंनी ही गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. आपल्या पिशवीत तीर्थाची बाटली असते व पिण्याच्या पाण्याचीही. रॉकेल किंवा पॅराफिन तेल दिसण्यास पाण्यासारखे असते. ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरल्यास तहानलेले मूल किंवा वृद्ध व्यक्ती नकळत ते पिते. असे तेल पोटापेक्षा फुप्फुसास अधिक अपाय करते.

म्हणून दिव्याचे इंधन पाण्याच्या बाटलीत कदापि भरू नये. वेगळ्या आकाराचा, रंगीत, घट्ट झाकणाचा डबा घ्यावा व त्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे. एस. टी. व रेल्वेच्या प्रवासात रॉकेल किंवा पेट्रोल सोबत नेऊ नये. कोणी चुकून इंधन प्याले असल्यास उलटी करवू नये, कारण उलटीच्या वेळी तेल श्वासनलिकेत शिरते. दूध, मीठ-पाणी वा घरगुती उतारा न देता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

अपघात झाल्यास

• तेलाने वा तुपाने पेट घेतल्यास त्यावर पाणी ओतू नये. पाण्याची एकदम वाफ होऊन पेटते तेल चौफेर उडते. परात, झाकण, कोरडी वाळू किंवा पिळलेली ओली जाड चादर टाकून हवा तोडावी.

• कपड्यांनी पेट घेतल्यास धावू नये. जमिनीवर आडवे होऊन लोळावे. इतरांनी जाड सुती चादर किंवा घोंगडी लपेटून ज्योत विझवावी.

• भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली किमान २० मिनिटे धरावा. बर्फ, तूप, हळद, शाई वा टूथपेस्ट लावू नये. अंगठ्या व बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. त्वचेस चिकटलेले कापड ओढू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ कोरडे कापड सैल झाकून रुग्णालयात न्यावे.

• रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमनासाठी १०१ व कोणत्याही आपत्कालीन साहाय्यासाठी ११२ हे क्रमांक आहेत.

थोडक्यात

उघड्या ज्योतीस गोडे तेल वा तूप. कंदिलास स्वच्छ रॉकेल. पेट्रोल, डिझेल, थिनर व स्पिरिट कोणत्याही दिव्यास नाही. एवढी एक ओळ पाठ असली तरी निम्म्याहून अधिक संकट टळते.

आषाढी अमावास्येस, म्हणजे दिव्यांच्या अवसेस, घरातील सर्व दिवे घासूनपुसून त्यांची पूजा करण्याची आपली परंपरा आहे. त्या दिवशी प्रत्येक दिव्याची पारखही करावी. वात बदलावी, गळके भांडे बाजूस काढावे, तेलाच्या डब्यावर नाव लिहावे आणि घरातील मुलांना जवळ बसवून कोणत्या दिव्यास कोणते तेल व का, हे समजावून सांगावे. दिव्याची ही माहिती पुढील पिढीच्या हाती देणे हेही एक दीपदानच होय.

मंदिराच्या परिसरात दिवा लावताना नेमून दिलेल्या जागेचाच उपयोग करावा, सेवेकऱ्यांच्या सूचनांचे पालन करावे व सर्व भाविकांची यात्रा निर्विघ्न होण्यास सहकार्य करावे, ही नम्र विनंती.